गाण्याशिवायची माडी

आमच्या बेटावर माडावर चढलेल्या माणसाला गावंच लागतं. वरून सगळ्या गावाची अंगणं दिसतात, कुणी आंघोळ करत असतं, कुणी नवऱ्याला शिव्या देत असतं, तेव्हा वर कोण बसलाय हे खालच्यांना कळायला हवं. पहाटे आणि संध्याकाळी असं दोनदा चढायचं, पोयीला, म्हणजे न उमललेल्या फुलोऱ्याला, सुरीनं पातळ काप द्यायचा, करवंटीत ठिबकलेली नीरा बाटलीत ओतायची, करवंटी स्वच्छ करून परत बांधायची, आणि हे होईपर्यंत गळा मोकळा सोडायचा. आमच्या किरिबाती देशातल्या मुलाला चालता येण्याआधी गावातल्या प्रत्येक बाप्याचा आवाज ओळखता येतो.

माझा आवाज तर परक्या बेटावरूनही ओळखतील. माझं गाणं सुरू झालं की शेजारची डुकरं उठून दुसऱ्या कुंपणाशी जाऊन झोपतात. हे मी विनयानं सांगत नाही, शेजाऱ्यानं तशी रीतसर तक्रार केली होती.

मी नाबूती. गावच्या शाळेत विज्ञान शिकवतो, आणि माडीबंदी समितीचा अध्यक्ष होतो. होतो म्हणायचं कारण पुढे येईलच. नीरा गोड असते, ती तान्ह्या पोरांनाही देतात. पण ती आंबली की तिची माडी होते, आणि नाताळात ती पिऊन दोन सख्ख्या भावांनी एकमेकांच्या होड्या फोडल्या. मग गावच्या म्हाताऱ्यांनी माडीवर बंदी घातली. नियम काय असावा हे त्यांनी मला विचारलं, कारण मी शिकलेला. मी नियम लिहिला: ज्याच्या घरात किंवा माडावर आंबलेली माडी सापडेल, त्यानं वर्षभर आपल्या माडाला हात लावायचा नाही. इतकं रेखीव वाक्य मी आयुष्यात लिहिलं नव्हतं. स्वतःवरच खूश होऊन मी ते घरी दोनदा वाचून दाखवलं. ब्वेनाता, माझी बायको, कणीक तिंबत होती. ती म्हणाली, "छान आहे," आणि जरा जोरातच तिंबायला लागली.

माझ्या आनंदात त्या वेळी एकच खडा होता, त्याचं नाव तिओती.

तिओती माझा जुना विद्यार्थी. अल्कोहोलचा धडा मी वर्गात फार रंगवून शिकवत असे. फळ्यावर ते सगळं खानदान मांडायचो. थोरला मिथेनॉल, तो डोळे घालवतो. दुसरा इथेनॉल, तो अब्रू घालवतो. पुढची भावंडं नुसती वास मारतात. साखरेचा एक कण घ्या, त्यावर डोळ्यांना न दिसणारे यीस्टचे जीव बसवा, ते साखर खातात आणि निम्म्याचा वायू करतात, निम्म्याचा इथेनॉल. मग ते उकळा, पाण्याआधी इथेनॉल वाफ होऊन निघतो, ती वाफ थंड करा. पण कितीही उकळलं तरी शेवटचं थोडं पाणी इथेनॉलची साथ सोडत नाही. असं सगळं सांगून झाल्यावर मी परीक्षेत विचारलं, इथेनॉल कसा तयार होतो? तिओतीनं एका शब्दात उत्तर लिहिलं: आळसाने.

मी त्याला शून्य दिलं आणि पेपर वर्गात मोठ्यानं वाचून दाखवला. पोरं खूप हसली, सगळ्यांत जास्त तिओती हसला. तेव्हापासून तो मला आवडत नाही.

आता तो बाप्या झाला होता, आणि बेटावरचा सगळ्यांत गोड आवाज त्याचा होता. संध्याकाळी तो त्याच्या माडावर गायला लागला की बाया हातातलं काम थांबवायच्या. माझी मुलगी ओरीबा तर काम थांबवून अंगणात चिंध्या वाळत घालायला जायची, त्या कोरड्या असल्या तरी.

"बाबा, त्याला मागणी घालायला येऊ दे का?" तिनं एक दिवस सरळ विचारलं.

"तो माडी पितो."

"कुणी पाहिलं?"

"शुद्धीवर असलेला माणूस पहाटे पहाटे इतकं सुरात गात नाही."

"तुम्ही शुद्धीवर असता म्हणून तसं गाता का मग?"

मी रागावलो. ती गप्प बसली नाही. "महिनाअखेरीचं जहाज आलं की तो राजधानीला, तारावाला जाणार आहे, तिथून मालबोटीवर. तुम्ही हो म्हणालात तर थांबेल. नाही म्हणालात तर दोन वर्षं तो कुठल्या समुद्रात असेल कुणास ठाऊक. तुम्हीच शिकवता ना, शेवटचं पाणी साथ सोडत नाही? मग आम्हाला किती उकळणार आहात?"

"रसायनशास्त्र घरात आणायचं नाही," मी म्हणालो. पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मुलगी माझी एकच. तिला रडवायची मला इच्छा नव्हती. फक्त हरायचीही इच्छा नव्हती.

ती जाता जाता म्हणाली, "तो म्हणतो, सरांचे गुडघे दुखतात, लग्न ठरलं की त्यांचे माड मी बघेन."

"माझे गुडघे ठणठणीत आहेत," मी म्हणालो, आणि ते दाखवायला झटकन उठलो, आणि भिंत धरली.

खरी गोष्ट अशी होती की ईस्टरच्या आठवड्यात मला माडावर घेरी आली होती. वर, झावळ्यांच्या बुंध्याला मिठी मारून मी बराच वेळ नुसता बसलो होतो, आणि खाली माझंच गाव गोल फिरत होतं. तेव्हापासून संध्याकाळी सावली लांब झाली की माझे पाय माडाशी जाऊन थांबत. पण मी थांबलो हे कुणाला सांगणार? मी सुरी आणि बाटली घेऊन रोज निघायचो, माडामागे पालथी घातलेली जुनी होडी आहे तिच्यावर बसायचो, आणि काप द्यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यानं रिकामी बाटली घेऊन परत यायचो. "आज काहीच आली नाही," म्हणायचो. गाणं का ऐकू येत नाही असं कुणी विचारलं तर घसा बसलाय म्हणायचो. पहाटे मात्र हिय्या करून चढायचो, सगळं साठलेलं एकदम काढायचो, आणि दोन्ही वेळचं गाणं एकदाच म्हणायचो. डुकरांचे फार हाल झाले.

करवंटी धुवायला एक हात सोडावा लागतो. तो मी सोडत नव्हतो.

आता वाचणाऱ्याला वाटेल, विज्ञानाच्या मास्तरला एवढं कळू नये? मला साखरेचा आजार आहे, दवाखान्यातल्या बाईनं नीरा बंद केली आहे, त्यामुळे मी ती तोंडाला लावत नसे. बाटली ब्वेनाताच्या हातात द्यायची की माझं काम संपलं. वासाचं म्हणाल तर रोज आपल्या हाताला येणारा वास आपल्याला येत नाही. आणि मुख्य म्हणजे घरातून कधी तक्रार आली नाही. उलट त्या दिवसांत आमची भरभराट होती. ब्वेनाताचा पाव असा फुगायला लागला होता की लोक पत्र्याच्या भट्टीपाशी बघायला थांबत. तिच्या भावाची बायको नेहमी हिणवणारी, तीही पाव मागून घेऊन गेली. मी सगळ्यांना सांगायचो, पीठ मळताना तापमान कसं राखावं हे मी तिला शिकवलं.

तर मनेआबात, म्हणजे आमच्या गावसभेच्या त्या मोठ्या छपराखाली, मी उभा राहून जाहीर केलं: तिओतीची मागणी मी ऐकेन, पण आधी त्याच्या नीरेची परीक्षा होईल. शाळेत एक काचेची नळी आहे. साखर पाण्याला जड करते, म्हणून गोड नीरेत ती नळी उंच तरंगते. साखर संपून इथेनॉल झाला की द्रव हलका होतो आणि नळी खाली बसते. नळी खोटं बोलत नाही.

"आणि ती किती उंच तरंगायला पाहिजे हे आम्हाला कसं कळणार?" काबूरोरो आजोबांनी विचारलं. ते गावातले सगळ्यांत वयस्क. त्यांच्या खांबाला टेकून ते बसले की सभा सुरू झाली असं समजायचं.

मी याचीच वाट बघत होतो. "कुठल्याही प्रयोगात तुलनेला एक खात्रीचा नमुना लागतो," मी म्हणालो. "तो माझ्या माडाचा घेऊ."

घरी आल्यावर ब्वेनाता म्हणाली, "तुमची नीरा कशाला मध्ये? माझ्या भावाची घ्या ना."

"त्याची? तो करवंटी कधी धुतो तरी का?"

"मग साखरेचं पाणी करा. शास्त्राला तेही चालत असेल."

"ब्वेनाता, अध्यक्षाच्या नीरेवर शंका घ्यायची म्हणजे समितीवरच शंका घेणं आहे."

तिनं माझ्याकडे बराच वेळ बघितलं. कढईत खरपूस होत आलेल्या माशाकडे बघतात तसं. मग म्हणाली, "बरं," आणि कामाला लागली. इतक्या वर्षांच्या संसारात तिचं 'बरं' ऐकून मी सावध व्हायला हवं होतं.

शनिवारी दुपारी सगळं गाव मनेआबात जमलं. म्हातारे आपापल्या खांबाशी, बाया मागच्या चटयांवर. तिओती धुतलेला सदरा घालून आला होता, बाटली त्यानं दोन्ही हातांत धरली होती. मी नळी मोज्यात गुंडाळून आणली होती. ती बाहेर काढली तेव्हा लोक माना उंचावून बघायला लागले, आणि मला फार बरं वाटलं.

तिओतीची नीरा उंच भांड्यात ओतली. नळी सोडली. ती वर उडाल्यासारखी झाली आणि मान काढून डुलत राहिली.

"गोड आहे," मी म्हणालो. खोटं कशाला बोला, मला वाईट वाटलं. "निदान सकृद्दर्शनी. आता खात्रीचा नमुना."

माझी बाटली उघडली तेव्हा बुचानं आवाज केला. पुढच्या रांगेतला एक जण दचकला. भांड्यात ओतताना फेस आला. मी म्हणालो, "हालल्यामुळे." नळी सोडली. ती खाली गेली, गळ्यापर्यंत बुडाली, आणि तिथंच शांतपणे उभी राहिली.

मी ती काढली, पुसली, परत सोडली. नळी खोटं बोलत नाही हे मीच सांगितलं होतं, त्यामुळे तिला खोटं पाडायचीही सोय नव्हती. काबूरोरो आजोबा हळूच उठले, भांड्यात बोट बुडवलं, चाटलं, आणि परत बुडवलं.

"शास्त्राप्रमाणे हे काय झालं, नाबूती?" त्यांनी विचारलं. "नीट समजावून सांग. आम्ही काही शिकलेलो नाही."

मनेआबात विचारलं तर उत्तर द्यावं लागतं. मी समजावलं. साखर, यीस्ट, वायू, इथेनॉल. माझा आवाज बारीक होत गेला. मागून कुणीतरी म्हणालं, "आणि दुसरा तो अब्रू घालवतो, ना सर?" माझे विद्यार्थी सगळ्या वयांचे आहेत.

मग मी ते केलं ज्याची आजही लाज वाटते. मी तिओतीकडे बोट दाखवलं. "माझ्या माडावर हा चढला असणार. यानं करवंटीत जुनी माडी ओतली. याला मला खाली पाडायचं होतं."

दुसऱ्याच्या माडावर चोरून चढणं म्हणजे आमच्याकडे दुसऱ्याच्या ताटातलं उचलण्यापेक्षा वाईट. तसं ठरलं असतं तर त्याला गावात कुणी मुलगी दिली नसती, आणि जहाज सोमवारी यायचं होतं. ओरीबा उभी राहिली होती. तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिचा बाप नसून वाटेतला कुणी माणूस होतो.

तिओती फक्त म्हणाला, "मी चढलो असतो तर गायलो असतो, सर."

"चोर गात नसतो," मी म्हणालो.

"खरंय," मागच्या चटईवरून ब्वेनाता म्हणाली. ती उभी राहिली, कमरेच्या कापडाला हात पुसले. तिच्या हाताला पीठ नव्हतं, तरी पुसले. "चोर गात नाही. आणि जो चढतच नाही तोही गात नाही. ईस्टरपासून संध्याकाळी आमच्या माडावरून गाणं ऐकलंय का कुणी?"

उत्तर अख्ख्या गावाला ठाऊक होतं. एक म्हातारी म्हणाली, "मला वाटलं घसा बसलाय." तिच्या शेजारची म्हणाली, "मला वाटलं देवानं ऐकलं."

"घसा नाही बसला," ब्वेनाता म्हणाली. "हे बसतात. होडीवर. रात्रभर आणि दिवसभर साठलेलं पहाटे एकदम आणतात. पहिल्या दिवशीच मला कळलं. टाकून द्यायचं जिवावर आलं, म्हणून पिठात घातलं."

गाव वळून तिच्याकडे बघायला लागलं, आणि मग एकदम सगळ्यांना तो पाव आठवला. तो फुगीर, टोपलीसारखा पाव, जो पाद्रीबाबांनी प्रार्थनेनंतर तीनदा मागून खाल्ला होता. कुणीतरी हसू दाबलं. मग कुणाला ते दाबता येईना. काबूरोरो आजोबा खांबाला धरून हसले, मनेआबाच्या छपरातली पाखरं उडाली. मी उभाच होतो. तापमान राखण्याबद्दल मी किती जणांना सांगितलं होतं ते मला एकेक करून आठवत होतं.

हसणं ओसरल्यावर आजोबांनी डोळे पुसले. "नियम कुणी लिहिलाय?"

"मी."

"वाचून दाखव."

मला तो पाठच होता. वर्षभर आपल्या माडाला हात लावायचा नाही. आजही वाक्य रेखीवच वाटलं.

"झालं तर. समितीचं बघू नंतर," आजोबा म्हणाले. "पण माड रिकामे ठेवता येत नाहीत, पोय वाया जाते. आणि घरच्या माणसाशिवाय कुणी चढायचं नाही ही आपली रीत आहे. तुला मुलगा नाही. मग चढणार कोण, नाबूती?"

प्रश्न मला होता, पण सगळे तिओतीकडे बघत होते. तिओती चटईकडे बघत होता. ओरीबा माझ्याकडे बघत होती, आणि या वेळी बापाकडे बघतात तसं.

मला राग यायला हवा होता. खरं सांगतो, मला पहिल्यांदा आठवलं ते हे की आता वर्षभर पहाटे चढायचं नाही. माझे दोन्ही गुडघे आनंदानं गार झाले. मग लाज वाटली, आणि त्या लाजेतच मी तिओतीच्या समोर जाऊन बसलो. "तुझ्यावर आळ घेतला, तो मागे घेतो," मी म्हणालो. "चढशील का? घरचा म्हणून?"

"चढेन, सर."

"आणि ते शून्य," मी म्हणालो. "तुझं उत्तर बरोबर होतं. पैकीच्या पैकी. थोडं सविस्तर लिहायला हवं होतं."

"सविस्तर तुम्ही करून दाखवलंत," तो म्हणाला. पोरगा अजूनही मला पूर्ण आवडत नाही.

सोमवारी जहाज आलं, मैदा आणि रॉकेल उतरवून तिओतीशिवाय परत गेलं. त्या संध्याकाळी तो पहिल्यांदा माझ्या माडावर चढला. मी त्या पालथ्या होडीवर बसलो होतो, आता उघडपणे. वरून आवाज आला. माझ्या माडावरून इतक्या वर्षांत सुरात काही आलं नव्हतं, माडालाही ओळखू आलं नसेल. गाणं त्यानं नवीन रचलं होतं. माडी कशी होते, असं तो विचारायचा, आणि आजूबाजूच्या माडांवरून एकेक बाप्या उत्तर द्यायचा: आळसानं. गाव हसत होतं. शेजारची डुकरं जागची हालली नाहीत. मलाही हसू आलं.

ब्वेनाता येऊन शेजारी बसली. तिनं ताटलीत पाव आणला होता. तो चपटा होता, चपलेसारखा. आता आमच्या घरी आंबलेलं काही येत नव्हतं.

"तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं," मी म्हणालो. "मला का नाही सांगितलंस? गावासमोर सांगितलंस."

"गावासमोर तुम्ही त्या पोराचं आयुष्य मोडायला निघालात म्हणून."

"त्याआधी?"

तिनं पावाचा तुकडा मोडायचा प्रयत्न केला, तो मोडेना. वर तिओती गात होता.

"इतकी वर्षं तुम्ही चढलात की मी खाली कान लावून बसायची," ती म्हणाली. "तुम्ही किती वाईट गाता ते मला ठाऊक आहे. पण गाणं चालू आहे म्हणजे पडला नाहीत. मध्येच थांबलं की माझं काळीज थांबायचं. मग ईस्टरला संध्याकाळचं गाणंच बंद झालं. मी हळूच येऊन बघितलं, तर तुम्ही इथं बसलेले. दोन्ही पाय जमिनीवर."

"मग?"

"मग काय. सांगितलं असतं तर लाजेनं संध्याकाळीही परत चढला असता."

तिनं तो पाव तसाच माझ्या हातात दिला. मी चावत राहिलो. दगड होता नुसता, पण मी सगळा खाल्ला.